नदीकाठचे प्लॉट

आमचं गाव कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर. आई लग्न होऊन आली तेव्हा जवळजवळ दर पावसाळ्यात पूर यायचा. बौद्धवस्ती सगळ्यात खाली, त्यामुळे पहिल्या चुली आमच्याच विझायच्या. पुढे पूर विरळ होत गेले. कुणी म्हणे पाऊस घटला, कुणी म्हणे वर धरणात पाणी अडवतात. नव्वद साल उलटलं तेव्हा नदीच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती.

मी तेव्हा श्रीरामपूरला कॉलेजात जात होते. वडील केडगावला एका कारखान्यात कामाला, महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. घर आईच चालवायची. अशात वस्तीला घरकुलं मंजूर झाली आणि ग्रामसेवक प्लॉट दाखवायला आले. प्लॉट होते थेट नदीच्या कडेला, आमच्या जुन्या घरांच्याही खाली.

आई म्हणाली, "भाऊसाहेब, हितं तर पानी येतं."

"आता कुठला पूर, बाई? किती वर्षं झाली."

"पूर कवा येतो ते नका सांगू. येतो तवा कुनाच्या घरात येतो, ते सांगा."

वरती डांबरी रस्त्याला लागून गायरान होतं. आईने तिथली जागा मागितली. गावातल्या काही जणांचा त्या जमिनीवर डोळा होता, त्यामुळे नकार ठरलेलाच. माझे धाकटे चुलते म्हणाले, "वहिनी, मिळतंय ते घ्या. गावाशी वाकडं कशाला?" त्यांनी खालचा प्लॉट घेतला. बऱ्याच जणांनी घेतला.

आईने गायरानात चार बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली आणि भांडी आणून मांडली. आणखी तीन घरं तिच्यामागे आली. दुसऱ्याच दिवशी गावातल्या शेतमालकांनी या चार घरांना कामावर बोलावणं बंद केलं. आई टेम्पोत बसून बेलापूरकडे खुरपणीला जायला लागली. रस्त्याने जाणारे हसायचे, "नदी आटली आन् ह्यांना पुराची भीती." आई चालता चालता उत्तर द्यायची, "भीती न्हाई. खाली राहायचं न्हाई."

मला लाज वाटायची असं नाही, पण कॉलेजातून येताना ती ताडपत्री लांबून दिसली की मी खाली बघून चालायला लागायचे. अख्खा पावसाळा आम्ही तिथे काढला. दोनदा ताडपत्री उडाली, दोनदा आम्ही ती पुन्हा बांधली. शेवटी आईच्या अर्जावरून तहसीलच्या कचेरीतून मोजणीदार आला आणि चार घरांपुरती जागा आखून देऊन गेला.

नंतर काही वर्षांनी, ऐन दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना नदी चढली. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. घाटात कोसळलेला पाऊस धरणात मावला नव्हता आणि दरवाजे उघडले होते. जीपवर भोंगा लावून कुणीतरी सांगत गेलं, तोवर पाणी खालच्या घरांच्या उंबऱ्याला लागलं होतं. जुना पूर सावकाश यायचा, भांडी उचलायला वेळ द्यायचा. हा तसा नव्हता.

माणसं वाचली. चुलत्यांच्या घराची नदीकडची भिंत गेली. काकू आणि मुलांना घेऊन ते वर आले आणि दारात उभे राहिले. "वहिनी, तुमचं नशीब चांगलं," एवढंच म्हणाले.

"नशीब कशाचं, भाऊजी? बसलो हुतो आमी हितं," आई म्हणाली, आणि तिने आत सतरंजी अंथरली.

पाणी ओसरल्यावर ती त्यांना घेऊन तहसीलला गेली. मीही गेले. साहेब म्हणाले, असा पूर वरचेवर येत नाही, भिंत पुन्हा बांधायला मदत मिळेल. आई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"भिंत नको. ह्यांनाबी वर जागा द्या," ती म्हणाली. "गायरान लई मोठं हाय."

जागा मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर चुलत्यांची ताडपत्री आमच्या घराला लागून होती, आणि या वेळी बांबू त्यांनी स्वतः रोवले होते.