न दाखवलेले बहात्तर मीटर

माझी बायको सरकारी ठेकेदार आहे असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो. ठेका माझा आणि नाव तिचं, असं त्याला वाटतं. तसं नाही. मी तुर्भ्याला एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम करतो. गटारं, फुटपाथ, कंपाउंड वॉल ही तिची दुनिया. बरीच वर्षं ती दुसऱ्या ठेकेदारांच्या हाताखाली काम करत होती. कामोठ्यातलं पावसाळी गटार हे तिच्या स्वतःच्या नोंदणीवर मिळालेलं पहिलं काम. लांबी सहाशे मीटर. हे नीट पार पडलं तर पुढच्या टेंडरला ती स्वतःच्या नावाने उभी राहणार होती. मध्येच काढून घेतलं गेलं तर शेरा बसणार, आणि पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. रविवारी मी कोपरखैरण्याहून साइटवर जायचो आणि मुकादमाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून पूर्ण झालेली लांबी मोजायचो. आकडा तिला द्यायचो. महिन्याच्या सुरुवातीला ती प्रगती अहवाल खात्याच्या पोर्टलवर भरायची. ठरलेलं काम किती, झालेलं किती, मजूर किती, फोटो, उशीर असेल तर कारण. तिने काय भरलं ते मी कधी पाहिलं नाही. मोजलेला आकडा दुसऱ्या माणसाच्या हातात गेल्यावर बदलू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मे महिन्यात नोटीस आली. एप्रिलअखेर निम्मं काम व्हायला हवं होतं, तुम्ही चाळीस टक्के कळवलं आहे, उरलेलं काम तुमच्याकडून काढून का घेऊ नये ते सांगा.

मी दोनदा वाचली. "संगणक चुकलाय," मी म्हणालो. "आपले तीनशे बारा मीटर झालेत. बावन्न टक्के. चाळीस कुठून आणले यांनी?"

ती तांदूळ काढत होती. माप भरून पातेल्यात ओतलं आणि नेहमीसारखी त्यातली एक मूठ परत डब्यात टाकली. ही तिच्या आईची पद्धत. साताऱ्याकडे तिच्या माहेरी कुणीच मापातलं सगळं शिजवत नाही. मूठ मागे टाकली की डबा रिकामा होत नाही म्हणतात.

"चाळीस मीच भरले," ती म्हणाली.

"का?"

"पावसात खोदाई बंद असते. जून-जुलैत दाखवणार काय? म्हणून दर महिन्याला थोडं मागे ठेवलं. बहात्तर मीटर आहेत शिल्लक."

"अगं, गटार आहे ते. लोणचं नाही."

"ओरडू नका."

"ओरडत नाहीये. विचारतोय."

"मग हळू विचारा."

फोटोही तिने तेवढ्याच लांबीचे जोडले होते. पहिलं बिल सुरुवातीच्या कामाचं होतं आणि दुसऱ्याचं मोजमाप व्हायचं होतं, त्यामुळे खात्याच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. खोटं काही नव्हतं म्हणावं, तर खरंही नव्हतं. अडचण पुढेच होती. नोटीस आल्यावर एकदम बहात्तर मीटर वाढवून सांगितले तर कोण विश्वास ठेवणार? नोटीस आली की सगळ्यांचंच काम एका आठवड्यात वाढतं, हे खात्यातल्या शिपायालाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघं बेलापूरच्या कार्यालयात गेलो. तिथले अभियंता साहेब तिशीतले, कमी बोलणारे. तिने सगळं जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे काम जास्त झालंय आणि तुम्ही कमी कळवलंत?"

"हो साहेब."

"ताई, इथे येणारा प्रत्येक जण न झालेलं काम झालं म्हणून सांगतो. ते कसं पकडायचं ते आम्हाला येतं. हे माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"मी टेप धरतो," मी म्हणालो.

गुरुवारी ते साइटवर आले. वादातल्या बहात्तर मीटरवर सिमेंटची झाकणं बसून गेली होती, आणि झाकणांवर एका मावशींची वडापावची गाडी. कागदावर जिथे अजून उघडी माती होती, तिथे लोक उभे राहून चटणी मागत होते.

"वरून झाकण दिसतं," साहेब म्हणाले. "खाली भिंत आहे की भराव, मला काय माहीत? मी सांगेन त्या तीन जागी झाकण उचला."

तिसरी जागा त्यांनी नेमकी गाडीखालची दाखवली.

"तेल तापलंय सायेब," मावशी म्हणाल्या. "आता गाडी नाय हलनार."

"सरकारी काम आहे, मावशी."

"मना पन काम हाय. हा घाना काढू द्या."

घाणा निघेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. बायको मुकादमाशी उगाच पहारीबद्दल बोलत होती. काम तिने स्वतः उभं राहून करून घेतलं होतं, तरी तिच्या हातातला रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता. मी मनात तीनशे बारा पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

गाडी सरकली. पहार लागली, झाकण कलंडलं. साहेबांनी आत वाकून भिंतीची जाडी मोजली, तळाला सळई आपटली. टणक आवाज आला. उरलेल्या दोन्ही जागीही तेच. मग टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली.

"तीनशे साडेअकरा," ते म्हणाले.

तीनशे बारा, असं मी म्हणणारच होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अर्धा मीटर सोडून दिला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलाच आकडा सोडलेला नाही.

मावशींनी गाडी जागेवर आणताच साहेबांनी एक वडापाव घेतला. "नोटीस मागे घेण्याचं टिपण मी पाठवतो," ते म्हणाले. "पण ताई, पावसाची काळजी कशाला केलीत? तुमच्याच वेळापत्रकात जून-जुलैला काम शून्य धरलंय. मंजूर आहे ते."

वेळापत्रक एका सल्लागाराने करून दिलं होतं. सही तिची होती. परत येताना रिक्षात ती एकदम हसत सुटली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

जुलैचा अहवाल तिने माझ्यासमोर भरला. 'या महिन्यात झालेलं काम' या चौकटीत शून्य टाकलं. बटण दाबण्याआधी तिचं बोट जरा थबकलं, मग तिने दाबलं. दुपारी साहेबांचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"ताई, शून्य लिहिलंय."

"शून्यच आहे, साहेब."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तांदळाचं माप भरल्याचा आवाज आला, आणि मग डब्यात परत पडलेल्या मुठीचा. तांदळाचा अहवाल कुठे द्यावा लागत नाही.