एक बाई जास्त

शनाग गावच्या खिमीदेवीचा आवाज मनालीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. महिला मंडळाची ती प्रधान. गावात दारूचं दुकान निघणार असं कळलं, तेव्हा रस्त्यात उभं राहून तिने अशी काही आरोळी ठोकली की ठेकेदाराने भरलेला ट्रक तसाच माघारी वळवला. पण लग्न होऊन आली, तेव्हा हीच खिमी तोंडातून शब्द काढत नसे. तिला बोलतं केलं सासूने, सुनकीअम्माने. "माहेराहून तोंड शिवून आलीस काय गं? निदान बैल हाकायला तरी आवाज काढ!" अम्मा तिला शेतात उभी करायची, स्वतः पार वरच्या सफरचंदाच्या बागेत जायची आणि तिथून ओरडायची, "ऐकू येत नाही!"

त्या अम्माचं डोकं गेल्या काही हिवाळ्यांपासून थाऱ्यावर नव्हतं. कधीच विकून टाकलेल्या गायी शोधायला ती रात्री-अपरात्रीही उठून चालू लागे. खिमी कामाला जाताना बाहेरून कडी घाले. एकदा परत आली तर अम्मा दारावर डोकं आपटत बसलेली. तेव्हा नवरा लुदर कडाडला होता, "माझी आई काय जनावर आहे कोंडून ठेवायला?" लुदर टॅक्सी चालवायचा. सीझनमध्ये तो घरात सापडायचा नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला मनालीत कार्निव्हल भरला. गावोगावच्या महिला मंडळांची मिरवणूक निघायची होती. शनागच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वरातीचा देखावा करणार होत्या. सकाळी खिमी लोकरीचा पट्टू नेसत होती, तेवढ्यात अम्मा उठून बसली.

"जत्रेला निघालीस? मला नाही नेत?"

घरी तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. खिमीने तिलाही नेसवलं. लाल काठाचा करडा पट्टू, तो अडकवायला खांद्याशी चांदीची बुमणी, डोक्याला बांधायचा लाल धाटू. आरशात बघून अम्मा लाजली. खिमीला बरं वाटलं. नवरीची आजी म्हणून तिला ट्रॉलीत गवताच्या पेंढीवर बसवलं, तेव्हा बायका म्हणाल्या, "पहिला नंबर आपलाच! अशी आजी कुणाकडे आहे?"

माल रोड माणसांनी फुलून गेला होता. बर्फासाठी भाड्याने घेतलेले कपडे घातलेले बाहेरगावचे पाहुणे, हातात मक्याची कणसं, अंगाखांद्यावर पोरं. पुढे ढोल-नगारे, फुंकायची लांब करनाळं, मागे एकामागून एक मंडळं. परीक्षकांच्या मंडपासमोर प्रत्येक मंडळाने उतरून फेर धरून नाटी नाचायची होती.

"अम्मा, इथून हलू नकोस हं. मी नाचून आलेच."

"मी कुठे जातेय? नवरी अजून निघाली नाही."

खिमी सगळ्यांच्या पुढे होऊन नाचली. टाळ्या पडल्या. परत आली तर पेंढी रिकामी होती.

आधी ती ट्रॉलीखाली वाकली. मग मागच्या ट्रॉलीत डोकावली. मग गर्दीत घुसली. पुढे एक म्हातारी पाठमोरी चालली होती, करडा पट्टू, लाल धाटू. खिमीने खांदा धरून वळवलं. भलतीच. पलीकडे दुसरी. तीही नाही. त्या दिवशी माल रोडवर जिकडे बघावं तिकडे लाल धाटू होता, आणि प्रत्येक धाटूखालून परका चेहरा निघत होता. मंडळातली फुलमा धावत आली.

"अगं, निकाल सांगताहेत, चल!"

"अम्मा कुठाय?"

"ट्रॉलीत असेल."

"ट्रॉलीत नाही, फुलमा!"

मंडपामागे माइकवाला पोरगा बसला होता. खिमीने त्याचा हात धरला.

"भाऊ, माझी सासू हरवली. पुकारा कर."

"नाव, बोबो?" त्याने थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं.

"सुनकीदेवी. पण नावाने येणार नाही ती. तिला तिचं नाव आठवत नाही."

"मग अंगावर काय आहे ते सांग."

"पट्टू. लाल धाटू."

पोरग्याने नुसतं रस्त्याकडे पाहिलं. तरी त्याने पुकारा केला, आणि लगेच गाणारा स्टेजवर चढला. त्या दणदणाटात खिमीने अम्माला हाक मारली. ठेकेदाराला पळवून लावणारा तो आवाज चार माणसांपलीकडे पोचला नाही.

बर्फ पडू लागला तसे पाहुणे आनंदाने किंचाळले. एका बाईने खिमीला अडवलं. "आँटी, एक फोटो! इथे उभ्या राहा, हसा ना जरा!" त्या बाईने आपलं पोर तिच्या कुशीत सरकवलं, फोटो काढला आणि निघून गेली. आपण हसलो की नाही, हे खिमीला नंतर आठवेना.

लुदरचा फोन लागला तेव्हा तो पाहुण्यांना घेऊन डोंगरातल्या बोगद्यापलीकडे अडकला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या.

"तिला घेऊन गेलीसच का? घरात कडी लावून जायचं होतंस!"

"कडी लावली तेव्हा तूच मला जनावर म्हणालास!"

"तुला नव्हतो म्हणालो..." आणि फोन तुटला.

अंधारून येऊ लागलं. पोलीस शिट्ट्या फुंकून गाड्या हलवण्यात गुंतले होते. एक जण म्हणाला, "नदीकडे बघितलंत का?" खिमी बसस्टँडमागून खाली बियासकडे उतरली. दगडांवर बर्फ बसला होता, पाणी काळं दिसत होतं. ती हाका मारत काठाकाठाने चालली, घसरली, पुन्हा उठली. आणि तिथे वाकून पाण्यात बघताना तिच्या मनात आलं: सापडली नाही तर उद्यापासून रात्रभर झोप मिळेल. विचार आला तसा गेलाही, पण ती तिथेच दगडावर बसली. ज्या बाईने आपल्याला आवाज दिला, तिच्याबद्दल आपण हे काय मनात आणलं? ती तोंडात धाटू कोंबून रडली.

फुलमा आणि बाकीच्या बायकांनी तिला तिथून उठवलं. "नदीत बघत बसू नकोस. म्हातारी बसली तर ट्रॉलीतच बसणार. आपली नसेल, दुसऱ्या कुणाची." मग मंडळामंडळाच्या प्रधानांना फोन सुरू झाले. नाही, नाही, आमच्यात नाही. शेवटी नदीपलीकडच्या गावची जैवंती फोनवर आली.

"आमच्यात एक बाई जास्त भरत होती खरी. कुणाची तरी सासू असेल असं वाटलं. गाड्यांमुळे ट्रॉली पुढे जाईना, म्हणून आम्ही सगळ्या उतरून चालत आलो."

"आणि ती?"

पलीकडे जैवंती कुणाला तरी विचारत होती.

"जैवंती, ती उतरली का?"

"बोबो, मी... मी बघितलं नाही गं."

ती ट्रॉली रस्त्याच्या कडेला देवदारांखाली उभी होती. ट्रॅक्टरवाला शेजारच्या दुकानात शेकत बसला होता. अम्मा ट्रॉलीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. धाटूवर, खांद्यावर, मांडीवर बर्फ. खिमी वर चढली, तिने अम्माचे हात आपल्या पट्टूत घेतले. हात लाकडासारखे झाले होते, पण श्वास चालू होता.

"अम्मा! अगं अम्मा!"

अम्माने डोळे उघडले. "तू कुणाची गं? मला घरी सोड बाई. माझी सून वाट बघत असेल. फार तापट आहे ती."

"असू दे," खिमी म्हणाली. "मी समजावते तिला."

तिला पाठीवर घेऊन खिमी दुकानापर्यंत चालली. बायकांनी तिला शेकलं, गरम पाणी पाजलं. रस्ता मोकळा झाल्यावर दवाखान्यात नेलं. अम्मा शुद्धीवर होती, गायींची चौकशी करत होती. पण थंडी छातीत बसली होती. लुदर दुसऱ्या दिवशी पोचला आणि आईच्या उशाशी बसून राहिला. खिमीला तो एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. लोहडीच्या आधीच अम्मा गेली.

शनागच्या मंडळाला दुसरा नंबर मिळाला होता. ते बक्षीस फुलमाने आणून कोनाड्यात ठेवलं, आणि खिमीने ते कुणाला न सांगता परत तिच्या घरी नेऊन दिलं.

भेटायला बायका येत होत्या. जैवंतीही आली, दारातच थांबली आणि रडली. खिमीने तिला हाताला धरून आत आणलं, चुलीजवळ बसवलं, चहा दिला. येणारी प्रत्येक जण खिमीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, "सुटली बिचारी." त्या कुणाबद्दल बोलताहेत हे खिमीला कळत नसे, आणि विचारायची हिंमतही होत नसे. ती मान खाली घालून पुढचा कप भरायला घेई.