आज नोंद नाही

बेलापूरच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हल्ली पाठीलाही डोळे लागतात. ज्ञानेश्वरीनं ते डोळे मोबाईलमध्ये बसवून दिले होते. एवढी कॉम्प्युटर शिकलेली सून वस्तीवर बसून करते तरी काय, असं विचारणाऱ्यांची तोंडं तिनं एका वेबसाईटनं बंद केली. बिबट्या दिसला की तिथं ठिकाण टाकायचं आणि घराबाहेर पडण्याआधी बाकीच्यांनी बघायचं. सासू छबूबाई तर ते पान उघडल्याशिवाय उंबरा ओलांडेनात.

नोंदी वाढल्या, साईट रडतखडत चालू लागली. मग ज्ञानेश्वरीनं सगळ्या नोंदी वेगळ्या सर्व्हरवर हलवल्या आणि तिथं पहारा बसवला. साईटच्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा जो आकडी पत्ता, त्यालाच आत घ्यायचं, बाकी कुणाला नाही. दोन्ही सर्व्हरची गाठ पडली, नोंदी दिसू लागल्या, ज्ञानेश्वरी निर्धास्त झाली.

एक गोष्ट मात्र तिनं लाडापायी केली होती. काही बिघडलं की पडद्यावर इंग्रजीत लांबलचक काहीतरी उमटायचं आणि छबूबाई घाबरून जायच्या. म्हणून तिनं सोय केली, की आतून काहीच आलं नाही तर पानानं सरळ म्हणायचं, ‘आज बिबट्या दिसल्याची नोंद नाही.’

त्या दिवशी उन्हं कलताना शेजारच्या वस्तीवरच्या कारभारींचा फोन आला.

“सूनबाई, मगाधरनं नोंद टाकतोय, घेतच न्हाई! तुमच्या उसात मादी शिरली हाय.”

ज्ञानेश्वरीनं पान उघडलं. आज नोंद नाही. कालची नाही, परवाचीही नाही. तिनं घाईनं सर्व्हर तपासला. दुपारी साईटचा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. त्यात त्याला नवा आकडी पत्ता मिळाला, आणि तिनंच बसवलेला पहारा आता त्याला दारातच अडवत होता. हेच वाक्य वाचून किती जण शेतात गेले असतील! आणि छबूबाई तर आत्ताच मोत्या कुत्र्याला घेऊन गाईंसाठी घास कापायला गेल्या होत्या.

त्या फोन उचलेनात. ज्ञानेश्वरीनं अख्खी साईट बंद केली, तेवढंच सुचलं. मग स्वयंपाकघरातलं ताट आणि पळी उचलली आणि ताट बडवत बांधावरून पळत सुटली. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. उसाचं वाळलं पाचट वाजलं की ती ताट आणखी जोरात बडवायची. देवा, माझ्या एका ओळीपायी म्हातारीला नेऊ नको, असं ती रडत रडत म्हणत होती.

घासाच्या वाफ्यात छबूबाई विळा घेऊन उभ्या होत्या. ज्ञानेश्वरी त्यांच्या गळ्यातच पडली.

“अगं, ताट कशापायी बडवतीस? रोज दोन मुठी कापल्या की म्या मान वर करून उसाकडं बघते. आज तुझ्या मोबाईलनं न्हाई म्हनलं, म्हून निवांत वाकले हुते. उसाकडं पाठ करून.”

ज्ञानेश्वरीनं आजूबाजूला पाहिलं.

“आई, मोत्या कुठंय?”

“हितंच तर हुता. माझ्या मागं.”

दोघींनी उसाकडं तोंड करून हाका मारल्या. आतून काहीच आलं नाही.

घरी येऊन दाराला कडी घातल्यावर ज्ञानेश्वरीनं पत्ता दुरुस्त करायच्या आधी ते वाक्य पुसलं. तिनं नवं लिहिलं, ‘आम्हाला काही दिसत नाही. बिबट्या आहे असंच समजा.’