डाळिंबाच्या सालीसाठी दिलेला शब्द

सुरतेतल्या कतारगामच्या अर्कवाल्याने माझ्या थोरल्या भावाला फसवलं. पैशात नाही, त्यात आम्ही दोघं कुणाला हार जाणारे नव्हतो. त्याने भावाकडून शब्द काढून घेतला.

भाऊ सुरतेच्या कापड बाजारात दलाल. आम्ही खानदेशातून रिकाम्या हातांनी आलो. मी डिंडोलीत मागाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, त्याने नुसत्या बोलण्यावर घर उभं केलं. बाजारात सौदे तोंडी व्हायचे. शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं करत नसे. दिलेल्या शब्दातून सोडवणार तोच, ज्याला तो दिला.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत भावाच्या स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, लगेच किरणांचे शेक घेतले तर आवाज वाचेल. भाऊ शेकाला घाबरला आणि या अर्कवाल्याकडे गेला. हा औषध कंपनीतली नोकरी सोडलेला, आमच्याच खानदेशातला. डाळिंबाच्या सालीचा अर्क विकायचा. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, प्रयोगशाळेत त्यांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, असं सांगायचा. औषध संपेपर्यंत शेक घेणार नाही, असा शब्द त्याने भावाकडून घेतला.

दिवाळीपर्यंत भावाचा आवाज पार बसला. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "अर्क खोटा आहे का?"

"खोटा कशाला? वनस्पतींतल्या अशा द्रव्यांवर संशोधन चालू आहे. काचेच्या बशीत पेशी मरतात. माणसात काय होतं, ते अजून कळायचंय. डाळिंब खाऊ दे त्याला, पण आधी इथे आणा."

भाऊ हलेना. "शब्द दिलाय रे," एवढंच म्हणे.

मी तडक कतारगाम गाठलं.

"बशीत तर ॲसिडनेही पेशी मरतील," मी अर्कवाल्याला म्हणालो. "बरा झालेला एक माणूस दाखव."

"शेठ, नवं शास्त्र आहे. जरा धीर धरा."

"धीर माझा भाऊ धरून बसलाय. तू काय धरलंयस? चल, बस स्कूटरवर."

भावाच्या घरी त्याने मान खाली घालून सांगितलं, "दादा, तुम्ही मोकळे."

भावाने घोगऱ्या आवाजात विचारलं, "आणि मी बरा होईन, हा तुझा शब्द?"

"तसा शब्द मी कुठे दिला होता, दादा?"

खरंच दिला नव्हता.

शेकाची वेळ गेली होती. स्वरयंत्र काढावं लागलं. भाऊ जगला. आता माझ्या गल्ल्यावर बसतो आणि नुसत्या हाताच्या खुणांनी गिऱ्हाइकाला गार करतो. सालीवर संशोधन जरूर व्हावं. उद्या त्यातून खरं औषध निघालं, तर पहिलं गिऱ्हाईक मी, घासाघीस करूनच घेईन. पण अर्कवाल्याचं दुकान अजून चालू आहे. स्वतः काहीच कबूल न करता त्याने आजारी माणसाला बांधून कोणत्या हक्काने ठेवलं? याचं उत्तर त्याने माझ्या भावासमोर उभं राहून द्यावं.