कागदी कीबोर्ड

बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो आणि शेजारचं टेबल थरथरतं. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर वैतागतात. आई तर लहानपणापासून ओरडायची, पाय हलवू नको, घरात दळिद्र येतं. ती सवय जन्माची. पण टेबलावर बोटं वाजवायची सवय मला बारावीत लागली, आणि तिचा दोष मी आजही आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला देते.

आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. पप्पा चटईच्या कारखान्यात मशीनवर होते. अकरावी सायन्सला दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेता येतं, ते मी घेतलं. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला हात न लावताच मला त्याचं वेड लागलं होतं. घरात एक मोबाईल, तोही पप्पांच्या खिशातून ड्युटीवर जायचा. पण पुस्तकात वाचलं की आपण चार ओळी लिहायच्या आणि पडद्यावर पान उभं राहतं, आणि मला राहवेना. मला ते करायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

लॅबमधली निम्मी मशीनं कापडाखाली झाकलेली, बंद. त्यामुळे दोघींत एक. माझी जोडीदार शहरातल्या मेहरूण भागातली होती. सर आम्हाला नावाने कधी हाक मारत नसत, त्यांना आम्ही मेहरूण आणि पिंप्राळा. मेहरूणच्या घरी लॅपटॉप होता. पहिल्या दिवशी ती धावत येऊन कीबोर्डसमोरच्या खुर्चीत बसली, मी बाजूच्या स्टुलावर बसले. दोन वर्षं त्या जागा बदलल्या नाहीत.

तिने टाइप करायचं आणि मी जर्नल लिहायचं, असं कामाचं वाटप झालं. जर्नलमध्ये अख्खा प्रोग्रॅम हाताने उतरवायचा आणि खाली पट्टी-पेन्सिलने चौकट आखून, पडद्यावर जे दिसलं ते हुबेहूब काढायचं. त्याला आउटपुट म्हणायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी तिचंही जर्नल लिहायचे. तिच्या बोटांना वेग होता, पण पाठ काही नव्हतं. ती दर ओळीला विचारायची, पुढे काय? मी वहीतून मान वर न करता सांगायचे. सगळे प्रोग्रॅम मला तोंडपाठ झाले होते.

एकदा मी तिला म्हटलं, आज मी बसते. ती हसत म्हणाली, अगं तू एकेक अक्षर शोधत बसशील, तास संपेल, सर दोघींना झापतील. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, आधी जर्नल पूर्ण करा. अकरावीची प्रॅक्टिकल त्यांनी जर्नल बघूनच उरकली होती, तेव्हा त्यांच्या दृष्टीने माझं सगळं व्यवस्थित होतं. माझं डोकं असं सणकलं, की घरी येऊन कांदा चिरताना विळीवर बोट कापून घेतलं.

त्यातच धुळ्याच्या आत्याचं सुरू झालं. पप्पांची मोठी बहीण, दवाखान्यात सिस्टर. तिने माझ्यासाठी नर्सिंगचा कोर्स बघून ठेवला होता. दिवाळीला आली तेव्हा ती पप्पांना म्हणाली, "बठ्ठं ठरेल शे. पोरगी फक्त पास होऊ दे." सगळं ठरलंय म्हणे! मी ताट आपटून आत गेले. जेवण झाल्यावर पप्पांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, आयटीत नव्वद पाड, पुण्याला कॉम्प्युटरचा फॉर्म भरतो. नाही पडले तर आत्याचं ऐकायचं. पप्पा दिलेला शब्द मोडत नसत, हे मला माहीत होतं. त्याच शब्दाने मला पकडूनही ठेवलं होतं.

लेखी परीक्षाही कॉम्प्युटरवरच होती, पण तिची मला भीती नव्हती. तिथे माउसने बरोबर उत्तरावर टिचकी मारायची असते, तेवढा माउस मी मधल्या सुट्टीत फिरवून पाहिला होता. भीती प्रॅक्टिकलची होती. तिथे एका मशीनवर एकटीने बसायचं.

मग मी कीबोर्ड तयार केला. मेहरूण पाणी प्यायला गेली, की मी कीबोर्डवर कागद धरून पेन्सिल घासायचे, बटणांच्या कडा उमटायच्या. लॅबच्या तीन तासांत सगळा उतरवला. घरी तो ड्रॉइंग शीटवर नीट आखला, अक्षरं भरली, पिठाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला. ती अक्षरं अशी वेडीवाकडी का मांडली असतील कुणास ठाऊक. ए बी सी डी सरळ ओळीने लावली असती तर कोणाच्या बापाचं काय जात होतं?

दुपारी आई शिवणाच्या क्लासला गेली, की मी डबा मांडीवर घेऊन बसायचे. पंधरा दिवसांत अक्षरं शोधावी लागेनात. मग बोटं थांबेचनात. पोळी लाटताना पोळपाटावर, बसच्या खिडकीवर, पप्पांच्या मागे स्कूटरवर बसले की त्यांच्या पाठीवर. एकदा त्यांनी स्कूटर बाजूला घेऊन विचारलं, मुंग्या चावतात का गं तुला? मी मनात जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम टाइप करत होते. कागदावर माझी एकही चूक होत नव्हती. कागद काही बोलत नाही म्हणून होत नव्हती, एवढी अक्कल तेव्हा मला आली नाही.

प्रॅक्टिकलला बाहेरच्या कॉलेजच्या मॅडम आल्या होत्या. मला टेबल असलेलं वेब पेज आलं. आपली रोजची ओळखीची गोष्ट. पहिलं बटण दाबलं आणि दचकले, कारण ते आत गेलं. माझ्या डब्यावरचं कधी आत गेलं नव्हतं. जोर जास्त झाला आणि एकाच अक्षराची रांग लागली. ती पुसायला वेळ गेला. पण मग हात बसला. सगळा कोड मी लिहिला, दोनदा तपासला, आणि जीव भांड्यात पडला.

मॅडम मागे येऊन म्हणाल्या, आउटपुट दाखव.

आउटपुट म्हणजे माझ्यासाठी पेन्सिलने आखलेली चौकट. ते यायच्या आधी मेहरूण पटापट काहीतरी करायची आणि पान उघडायचं. त्या वेळी दर वेळेला माझी मान खाली असायची, कारण मी चौकट आखत असायचे. दोन जर्नलं मी लिहिली होती आणि एकातही सेव्ह कसं करायचं ते नव्हतं. ते कुणी लिहायला सांगितलंच नव्हतं.

कुठेतरी सेव्ह हा शब्द सापडला. दाबला, नाव दिलं, उघडलं. पान नाहीच, माझा कोड जसाच्या तसा समोर. नावाच्या शेवटी .html लावायचं असतं हे मला कुठे माहीत, पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि तेवढ्यात शेजारच्या मशीनवरून कुजबुज आली.

"पिंप्राळा, टेबल कसं सुरू करायचं?"

मेहरूणच होती. तिचा पडदा कोरा होता, हात मांडीवर. मी एकच शब्द विचारायचा होता आणि तिने सांगितलं असतं. मी एक सांगायचं, तिने एक सांगायचं, दोघी सुटलो असतो. दोन वर्षं आम्ही दुसरं काय करत होतो? पण त्या क्षणी मला तिचा असा राग आला, की कानशिलं तापली. आत्ता विचारते? आत्ताही मीच सांगायचं? मी मान फिरवली आणि ताडकन उभी राहिले.

"मॅडम, प्रोग्रॅम मला येतो. पण दोन वर्षांत मला एकदाही कीबोर्डवर बसू दिलेलं नाही. सेव्ह करून तेवढं दाखवा."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बाळा, तोच तर परीक्षेचा भाग आहे. मग माझं जर्नल चाळलं. शेजारचं उचलून तेही चाळलं, दोन्ही शेजारी धरून अक्षर बघितलं, आणि दोघींच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मेहरूण माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

आयटीत चौऱ्याऐंशी पडले. पप्पांनी निकाल बघितला, घडी घातली, आणि आत्याला फोन लावला. मी रडले नाही, मला संताप आला होता. सरांवर, मेहरूणवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या फिरवलेल्या मानेवर. तो डबा आईने धुऊन घेतला, कागद निघून गेला. मेहरूण पुण्याला गेली, तिला मार्कांची अट नव्हती.

आता मी धुळ्यात आहे, आत्याच्याच दवाखान्यात. काम आवडत नाही असं नाही, पेशंट माझं नाव काढतात. चार वर्षांपूर्वी इथे सगळे केसपेपर कॉम्प्युटरवर गेले. मी दर ओळीला सेव्ह करते. बाकीच्या हसतात, अगं एकदाच शेवटी कर की. मला नाही जमत.

गेल्या महिन्यात पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांना आणून मी माझ्या टेबलाशेजारी बसवलं आणि त्यांचाच केसपेपर भरायला घेतला. नाव, वय, जुनी दुखणी. मी त्यांच्याकडे बघून प्रश्न विचारत होते, बोटं आपली चालली होती. ते उत्तर द्यायचे थांबले. माझ्या हातांकडे बघत बसले. रिटायर झाल्यापासून ते घरात गावचीच बोली बोलतात.

"तुले ते हाई बठ्ठं येस, माय," ते म्हणाले.

पाय हलायचा थांबला होता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, हो पप्पा, मला हे सगळं येतं. तेव्हाही येत होतं. आणि सेव्ह केलं.