भीमेपलीकडचं टिंब

जनावरांच्या डॉक्टरांची फिरती गाडी गावोगाव बोलवता यावी म्हणून आमच्या कंपनीनं एक ॲप तयार केलं, तेव्हा वस्त्यांच्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. सोलापुरात होटगी रस्त्यावर एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. गावात शेळ्या-मेंढ्यांची देखभाल करणाऱ्या बायकांना पशुसखी म्हणतात. त्या आपापल्या भागातल्या वस्त्यांचे अक्षांश-रेखांश फोनवर भरायच्या. ते आकडे बरोबर आहेत की नाहीत हे माझा प्रोग्रॅम बघायचा.

सुरुवातीला फार चुका यायच्या. कुणी दोन्ही आकड्यांची अदलाबदल करायचं आणि वैरागजवळची वस्ती थेट उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रात जाऊन पडायची. म्हणून मी जिल्ह्याभोवती एक चौकोन आखला. वस्तीचं नकाशावरचं टिंब चौकोनाबाहेर पडलं किंवा आकड्यांखेरीज दुसरं काही लिहिलं, की लाल अक्षरं उमटायची: ‘माहिती अवैध आहे.’ त्यानंतर चुका जवळपास थांबल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मलाही माझा अभिमान वाटला, हे आज लिहिताना नको वाटतं.

त्याच दिवसांत मंद्रूपहून एका पशुसखीचा फोन आला. तिच्याकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर नेटवर्क नव्हतं, म्हणून ती जुन्या पाहणीच्या कागदावरून आकडे भरत होती.

“मॅडम, तीन येळा टाकलं, तिन्ही येळा लाल आलं की.”

“ताई, आकड्यांशिवाय काही टाकलंय का?”

“कागदावर सतराच्या डोक्यावर बारीक गोल हाय. मग अठ्ठावीस, त्याच्यावर एक रेघ.”

“तो गोल आणि रेघ सोडून द्या. नुसते आकडे आणि मधे एक टिंब.”

“व्हय, घेतलं मॅडम! हिरवं आलं!”

माझ्या पुढ्यात चहा निवत होता. कागदावरचा गोल म्हणजे अंश आणि रेघ म्हणजे मिनिटं. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं जवळजवळ अर्धा अंश होतो. मधे दशांशाचं टिंब दिलं की तेच अठ्ठावीस पाव अंशाच्या आसपास येतात. हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तिनं गोल आणि रेघ शब्दांत सांगितली होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ती वस्ती नकाशावर भीमा ओलांडून कर्नाटकात गेली. माझा चौकोन मात्र सरळ रेघांचा, त्यात कर्नाटकाचाही तुकडा येत होता. प्रोग्रॅमनं नोंद मान्य केली.

पुढच्या वर्षी ज्वारी काढून झाल्यावरची गोष्ट. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. उपाशी मेंढीनं ते भरपूर खाल्ले तर विषबाधा होते. आपल्याकडे त्याला किराळ लागणं म्हणतात. सुई वेळेत मिळाली तर जनावर वाचतं. त्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा कळप दुपारी अशाच रानात शिरला. त्यानं नेटवर्क मिळेल अशा उंचवट्यावर जाऊन पशुसखीला फोन केला आणि तिनं ॲपवरचं मदतीचं बटण दाबलं. गाडी सोलापुरातून लगेच निघाली. चालक कुर्डुवाडीकडचा, नवा होता. त्याला फक्त नकाशावरचं टिंब दिसत होतं. मेंढपाळ सीमेपलीकडेही चरायला जातात, म्हणून पूल ओलांडताना त्याला शंका आली नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी तिला फोन केला, “आम्ही पोचलोय, तुम्ही कुठे आहात?” ती म्हणाली, “मी मंद्रूपच्या रस्त्यावर तुमची वाट बघतीया की!”

गाडी मागे फिरून येईपर्यंत अठरा मेंढ्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला नोंद काढायला सांगितली. आकडे पडद्यावर आले आणि माझ्या कानात तिचं ते ‘हिरवं आलं’ वाजलं. साहेबांनी अहवालात लिहिलं: नोंद भरणाऱ्या व्यक्तीची चूक. “आपल्या तपासणीत दोष नाही ना?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “नाही सर.” तांत्रिकदृष्ट्या ते खरंच होतं. नियम जसा लिहिला होता तसाच चालला होता.

महिनाभरात तिचं काम काढून घेतलं. मला ते यादीतून तिचं नाव वगळताना कळलं, कारण ते वगळायचं कामही माझंच होतं. त्या दिवसांत मला जेवण जाईना. आईनं आमच्या घरच्या तेलुगूत दोनतीनदा विचारलं, काय झालं. मी ऑफिसचा ताण म्हणून टाळलं.

शेवटी एका रविवारी मी एसटीनं मंद्रूपला गेले आणि विचारत विचारत तिच्या घरी पोचले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, तशी तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणायला आत वळली.

“ताई, आधी ऐका. टिंब द्यायला मी सांगितलं होतं. चूक माझी आहे.”

ती थांबली. “मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. “पन म्या म्हनलं, मॅडम शिकल्याल्या हायती, त्या कशाला चुकत्याल? माझंच कायतरी चुकलं आसंल.”

मी म्हणाले, मी लेखी कळवते, तुमचं काम परत मिळवून देते. ती लगेच म्हणाली, “काम नगं. पर लिवा. गावात लोकं म्हंत्यात, हिच्यामुळं मेंढरं मेली. तेवढं पुसा.”

तिच्याबरोबर मी वस्तीवरही गेले. म्हातारा बाभळीखाली बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

“बाई, त्या फुटव्यात मेंढरं सोडू न्हाईत ह्ये मला कळत न्हाय व्हय? माझाच डोळा लागला,” तो म्हणाला. “गुळाचं पानी पाजलं, पर कुनाकुनाला पाजनार? गाडी आली आस्ती तर निम्मी तरी उटली आस्ती.”

त्यानं मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. आम्ही उठलो तेव्हा तो कळपाकडे बघत होता.

सोमवारी मी साहेबांना लेखी दिलं. ते चिडले. झालं गेलं कशाला उकरतेस, म्हणाले. मी तो कागद मागे घेतला नाही. दोन आठवड्यांनी अहवाल बदलला आणि माझं नाव नसलं तरी ‘तपासणीतील त्रुटी’ असे शब्द त्यात आले. त्याची एक प्रत मी पशुसखीला पोचवली, फळ्यावर लावण्यासाठी दुसरी तिच्या ग्रामपंचायतीत दिली. ती फळ्यावर लागली की नाही ते मी विचारलं नाही.

प्रोग्रॅम मी बदलला. आता आकडे भरले की सर्वांत जवळच्या गावाचं नाव मराठीत दिसतं आणि विचारलं जातं, ‘तुमची वस्ती इथेच आहे का?’ अंश-मिनिटांसाठी वेगळे रकानेही दिले. मग जुन्या सगळ्या नोंदी एकेक करून उघडल्या. त्याच चुकीची आणखी काही टिंबं सापडली, ती दुरुस्त केली. पण काही नोंदींबाबत कागदही उरलेले नाहीत आणि भरणारी बाईही भेटत नाही. ती टिंबं नकाशावर रानात कुठेतरी दिसतात आणि खरी आहेत की नाहीत हे मला इथे बसून कळत नाही. त्या गावांना मी एकेक करून फोन लावते. उचलणाऱ्याला आधी विचारते, तुमच्या वस्तीला यायचं तर कुठून वळायचं?