कुलसूमआपांचं झाकण

कुलसूमआपांना मी प्रथम पाहिलं ते शारजात, हारुको-सान यांच्या घराच्या अंगणात, आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला त्यांचा हेवा वाटला. आपांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या संपादकांनी 'खरं लिहा' असं बजावलंय, म्हणून आधीच सांगून टाकते.

हारुको-सान एका जपानी इंजिनिअरच्या पत्नी. नव्वदच्या दशकात दर शुक्रवारी सकाळी त्या आम्हा चार-पाच जणींना जपानमधली रोजच्या हिरव्या चहाची चहादाणी घडवायला शिकवत. लाल माती, वर चकाकी नाही, मूठ बाजूला. मी पुण्याहून चित्रकलेची पदविका घेऊन आलेली. आपा रत्नागिरीकडच्या, त्यांच्या हाताला सवय तांदळाच्या भाकऱ्यांची. माती मात्र ऐकायची ती त्यांचंच.

माझ्या पहिल्या चहादाणीत माझ्या यजमानांनी, म्हणजे आपांच्या 'भाऊं'नी, दूध, साखर, आलं घालून ती थेट गॅसवर चढवली. ती तडकली. पुढच्या शुक्रवारी आपांनी स्वतःची चहादाणी माझ्या हाती ठेवली. "ही वापर. भाऊंना पातेलं दे," एवढंच म्हणाल्या. तिची धार इतकी स्वच्छ पडायची की आठवडाभर माझा जळफळाट झाला.

मग हारुको-सान यांचं मायदेशी परतायचं ठरलं. आपलं चाक आणि वर्ग त्या आमच्यापैकी एकीला देणार होत्या. तो मला हवा होता. परीक्षा साधी होती. चहादाणी पाण्याने भरायची, झाकणाच्या भोकावर बोट ठेवायचं आणि ती कलती करायची. झाकण नीट बसलेलं असेल तर धार थांबते, थेंबही गळत नाही. त्यासाठी झाकण बारीक वाळूने त्याच चहादाणीवर घासून बसवतात. हे मला पाठ होतं. तरी आपा हात धुवायला आत गेल्या, तेव्हा मी आमच्या दोघींच्या झाकणांची अदलाबदल केली. त्यांची सारी करामत त्या झाकणात आहे, असं माझ्या जळक्या डोक्याने घेतलं होतं.

दोन्ही चहादाण्या गळल्या, माझी जास्त. आपांनी झाकण उचललं, आतून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्या हातचं झाकण त्या ओळखणार नाहीत, हे शक्यच नव्हतं. चारचौघींत माझी शोभा होणार, म्हणून मी मान खाली घातली.

आपा हारुको-सान यांना आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, की दोघींचं काम कच्चं राहिलं, तेव्हा वर्ग दोघींना द्या. मग माझ्याकडे वळल्या. "खलास. बस आता, दोन्ही झाकणं घासू."

तेव्हापासून वर्ग आपांच्या फ्लॅटमध्ये भरतो. गुरू आम्ही दोघी, पण इथेच वाढलेल्या मुली "आँटी, यू शो मी" म्हणत माती सरकवतात ती आपांपुढे. माझ्या पोटात अजूनही दुखतं.

आपांनी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. मी इथे लिहिणार म्हटल्यावर म्हणाल्या, "कशाला? लोक माझ्या साठीला येणार, तुझी झडती घ्यायला नाही." मी त्यांचं ऐकलं नाही. तो वर्ग त्यांनी एकटीने कमावलेला होता, हे आमच्या साऱ्या गोतावळ्याला कळायला हवं.

एकेकाळी तो मला एकटीला हवा होता. तो एकटीने चालवण्याची वेळ माझ्यावर कधीही येऊ नये, म्हणून कुलसूमआपांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.